पाच हजारात पाचशे बॅकलिंक? आधी हे वाचा

मागच्या अंकात वेबसाइटबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या मेलांमध्ये फिरून फिरून एकच विषय निघाला, लिंक. बाहेरच्या साइटवरून लिंक मिळवायच्या कशा, विकत घ्याव्या का, घेतल्या आणि आता साइट गूगलमधून गायब झाली तर काय करायचं. म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, वागळे इस्टेटमध्ये आमचं रबर गॅस्केट आणि ओ-रिंगचं छोटं युनिट आहे. मुलाने वेबसाइट बनवली पण गूगलमध्ये कुठे दिसतच नाही. एका एजन्सीवाल्याचा फोन आला, पाच हजारात ५०० बॅकलिंक, सगळ्या डीए ५० च्या वरच्या, तीन महिन्यात पहिल्या पानावर. घेऊ का? आणि बॅकलिंक म्हणजे नक्की काय तेही सांगा.
— एक लघुउद्योजक, ठाणे पश्चिम

उत्तर: नका घेऊ. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक, एवढंच. तिला एवढा भाव का आला ते सांगते, मग नका घेऊ का म्हणतेय तेही कळेल.

गूगलच्या आधीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावर काय लिहिलंय तेच बघायची, त्यामुळे लोक एकच शब्द पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शंभरदा लिहून ठेवायचे आणि वर यायचे. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन ह्या दोघांनी वेगळी पद्धत मांडली, की पान स्वतःबद्दल काय म्हणतंय ते एकवेळ राहू दे, बाकीची किती पानं त्याच्याकडे बोट दाखवतायत ते बघा, आणि बोट दाखवणारा स्वतः किती वजनदार आहे तेही बघा. हाच पेजरँक. आपण स्थळाची चौकशी करतो तसंच आहे हे, बायोडेटामध्ये मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ वगैरे असतोच, पण खरं काय ते आपण त्याच्या ऑफिसातल्या माणसाला नाहीतर सोसायटीतल्या शेजाऱ्याला विचारतो, आणि सख्ख्या मामाने कौतुक केलं तर हसून सोडून देतो. तुम्हाला जे ५०० मिळणारेत ते सगळे पैसे देऊन आणलेले मामा आहेत.

आणि गूगलला हे मामा ओळखता येत नाहीत अशातला भाग नाही. लिंकचा बाजार पेजरँकच्या मागोमाग सुरूच झाला होता, एक काळ असा होता की खरंच चालायचंही. मग २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाचा अपडेट आला, गूगलने तेव्हा सांगितलं होतं की इंग्रजीतल्या साधारण ३.१ टक्के सर्चवर परिणाम होईल, आणि विकतच्या लिंकवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली आल्या. २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेतच आहे आणि सतत चालू असतो, फरक एवढाच की आता बहुतेक वेळा पूर्ण साइटला शिक्षा न करता तो त्या लिंक सरळ शून्य धरतो. डिसेंबर २०२२ पासून तर स्पॅमब्रेन नावाची त्यांची एआय यंत्रणाही ह्या कामाला लावली आहे, लिंक घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोन्ही साइट शोधायला. म्हणजे तुमचे पाच हजार जातील, साइट आहे तिथेच राहील, आणि नशीब खराब असेल तर त्याहून खाली जाईल.

आता ते डीए ५०. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, हा मॉझ नावाच्या कंपनीने बनवलेला १ ते १०० चा अंदाज आहे. एचरेफ्स नावाच्या दुसऱ्या कंपनीचा असाच डीआर, म्हणजे डोमेन रेटिंग आहे. गूगल ह्यातलं काहीही रँकिंगसाठी वापरत नाही. गूगलचा स्वतःचा ० ते १० चा पेजरँक आकडा आधी ब्राउझरच्या टूलबारमध्ये दिसायचा, तो २०१६ मध्ये बंद केला, मग ही पोकळी बाहेरच्या कंपन्यांच्या आकड्यांनी भरली आणि एजन्सीवाल्यांना विकायला एक नंबर मिळाला. अंदाज म्हणून ठीक आहेत हो हे आकडे, मी पण बघते, पण हेच आकडे फालतू लिंक मारून फुगवताही येतात, तेव्हा त्यावर पैसे मोजायचे नाहीत.

अजून खात्री करायची असेल तर त्या माणसाला सांगा की ५०० पैकी दहा साइटची नावं आधी दाखव. बहुतेक तो दाखवणारच नाही, दाखवलीच तर उघडून बघा, एकाच साइटवर ऑनलाइन कसिनो, केस गळतीवर उपाय, दुबईतले फ्लॅट आणि मध्येच तुमचं गॅस्केट. असलं पान कोण माणूस वाचतो? पहिल्या पानाची गॅरंटी देतो म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका, गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही.

मग करायचं काय. तुम्ही कोणाला माल देता? रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या एखाद्या पंपवाल्याला, तळोज्याच्या केमिकल प्लांटला, पुण्यातल्या डीलरला. त्यातल्या ज्यांच्या साइटवर सप्लायर किंवा डीलरची यादी आहे त्यांना सांगा आमचं नाव घाला आणि नावावर लिंक द्या. टीएसएसआयए किंवा टीबीआयएसारख्या उद्योजक संघटनेचे सभासद असाल तर त्यांच्याकडे तुमच्या नावापुढे वेबसाइट लिहिलेली आहे का आणि बरोबर लिहिली आहे का ते बघा, बऱ्याचदा तिथे बंद पडलेला जुना पत्ता असतो. ही पाच-दहा लिंकची कमाई आहे पण खरी आहे.

आणि दुसरं, साइटवर एक तरी पान असं ठेवा की ज्याला लिंक द्यावीशी वाटेल. 'आमच्याबद्दल' आणि 'आमची क्वालिटी' ह्या पानांना जगात कोणी लिंक देत नाही. त्यापेक्षा कुठल्या कामाला कुठलं रबर ह्याचा साधा तक्ता टाका, की नायट्राइल तेलाला चांगलं पण १०० डिग्रीच्या आसपास त्याची हद्द येते, ईपीडीएम पाण्याला आणि वाफेला उत्तम पण पेट्रोलियम तेलात फुगतं, व्हायटॉन महाग पण २०० डिग्रीपर्यंत टिकतं. हे तुम्हाला तोंडपाठ आहे, रोज फोनवर कोणाला तरी सांगताच आहात, तेच लिहा. मेंटेनन्सवाला इंजिनियर, डिप्लोमाचा शिक्षक, असे लोक मग आपणहून त्या पानाचा पत्ता देतात, कारण त्यांना समजावत बसायचं नसतं.

प्रश्न: मी घोडबंदर रोडला राहते, फराळ आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते. इन्स्टावर चांगले फॉलोअर आहेत, बायोमध्ये वेबसाइटची लिंक आहे, यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओखाली पण आहे. ह्या सगळ्या लिंकमुळे गूगलमध्ये वर यायला हवं ना?
— गृहउद्योजिका, ठाणे

उत्तर: सरळसरळ तसं नाही. ह्या लिंकवर नोफॉलो अशी खूण असते, म्हणजे साइट गूगलला सांगते की ही लिंक आम्ही नाही, आमच्याकडे खातं असलेल्या कोणीतरी टाकली आहे, आम्ही तिची हमी घेत नाही. २००५ मध्ये ब्लॉगखालच्या कमेंटमध्ये लोक नुसती जाहिरातींची बजबजपुरी करायला लागले तेव्हा गूगल, याहू आणि एमएसएनने मिळून ही खूण आणली. विकिपीडियाने २००७ पासून बाहेरच्या लिंकना तीच लावली, तेव्हा विकिपीडियात जाऊन स्वतःची लिंक चिकटवायचा उद्योगही करू नका, बहुतेक वेळा कोणीतरी काढून टाकतं. २०१९ मध्ये गूगलने अजून दोन खुणा दिल्या, जाहिरातीच्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी टाकलेल्यासाठी यूजीसी, आणि म्हटलं की आता ह्या खुणा आम्ही हुकूम म्हणून नाही तर इशारा म्हणून घेऊ.

पण म्हणून इन्स्टा सोडू नका हं! तिथून ऑर्डर येते ना, मग झालं. शिवाय तिथे मोदक बघून एखादी फूड ब्लॉगर किंवा पेपरवाली गणपतीच्या आधी 'ठाण्यात मोदक कुठे मिळतील' असं लिहिते तेव्हा ती जी लिंक देते, ती खरी. गंमत म्हणजे बऱ्याच जणी नाव लिहितात पण लिंक द्यायला विसरतात, तेव्हा आपल्या ब्रँडचं नाव अधूनमधून गूगल करून बघायचं आणि कुठे नुसतं नाव असेल तर गोड मेल पाठवायचा, ताई छान लिहिलंत, साइटची लिंक टाकाल का. मागायला पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या जणी तरी टाकतातच असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: कोपरखैरणेत आमचा पेस्ट कंट्रोलचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी एकाकडून लिंकचं पॅकेज घेतलं, सुरुवातीला फोन वाढले पण. आता गूगल सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शन असा मेसेज आलाय, साइटकडे अनैसर्गिक लिंक येतायत म्हणे, आणि साइट नावाने शोधली तरी धड वर येत नाही. ज्याने लिंक केल्या तो फोन उचलत नाही. नवीन डोमेन घेऊन सगळं परत करू का?
— वाचक, नवी मुंबई

उत्तर: थांबा, डोमेन बदलायची घाई नको, गाडीवर, युनिफॉर्मवर, पावतीपुस्तकावर तेच छापलेलं असणार. मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणजे गूगलमधल्या माणसाने तपासून लावलेली कारवाई, आणि ती उठवता येते. मोठमोठ्यांवर झाली आहे. २०११ मध्ये जेसी पेनी ह्या अमेरिकेतल्या भल्यामोठ्या दुकानसाखळीच्या साइटकडे कुठून कुठून लावलेल्या हजारो लिंकचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने छापलं आणि गूगलने त्यांना खाली आणलं, आणि २०१२ च्या जानेवारीत तर पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टमुळे गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाला निदान ६० दिवस मागे टाकलं. तर कोपरखैरणेचा पेस्ट कंट्रोल म्हणजे काही जगबुडी नाही.

कामाला किती वेळ लागेल ते लिंकच्या संख्येवर आहे. सर्च कन्सोल म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल, त्यात लिंक नावाचा रिपोर्ट आहे, तिथून सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवा आणि एकेक साइट उघडून बघा, हे काम कंटाळवाणं आहे, कॉलेजला जाणारं कोणी घरात असेल तर दोन रविवार बसवा. पॅकेजमधल्या ओळखू येतातच, अँकर टेक्स्ट म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते ते शब्द सगळीकडे एकच असतात, 'बेस्ट पेस्ट कंट्रोल नवी मुंबई', खरा माणूस असं लिहीत नाही, तो तुमच्या दुकानाचं नाव लिहितो किंवा नुसतं 'इथे बघा' म्हणतो. ज्या साइटवर संपर्काचा मेल आहे त्यांना काढा म्हणून लिहा, मेल जपून ठेवा, कोणी काढायचे पैसे मागितले तर देऊ नका. जे ऐकणार नाहीत त्यांची एक साधी टेक्स्ट फाइल करून डिसअव्हाव टूलमध्ये, म्हणजे 'ह्या लिंक धरू नका' असं गूगलला सांगायच्या टूलमध्ये चढवायची, एका ओळीत एक साइट, हे टूल गूगलने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ह्याच कामासाठी काढलं. मग रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे गूगलकडे फेरविचाराचा अर्ज. त्यात गोल गोल बोलू नका, कोणाकडून घेतल्या, काय काय काढलं, यादी कुठे आहे, पुढे घेणार नाही, एवढं सरळ लिहा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि पहिल्यांदा नाकारलं तर अजून साफ करून परत टाकायचं.

एक मात्र आधीच सांगते, कारवाई उठली तरी जुनी जागा परत मिळेलच असं नाही, कारण ती जागाच त्या लिंकांच्या टेकूवर होती.

आणि खरं सांगू का, पेस्ट कंट्रोलला लिंकपेक्षा मॅपवर दिसणं जास्त महत्त्वाचं. झुरळं झाली की माणूस मोबाइलवर जवळचा शोधतो. गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे मॅपवर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, जिला २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणायचे, त्यात गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतात, शोधणाऱ्याला हवं ते तुम्ही करता का, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती आहे. ह्या तिसऱ्यात रिव्ह्यू येतात आणि बाहेरच्या साइटवरचे उल्लेख, लिंकही येतात. म्हणून नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखे ठेवा, एकीकडे सेक्टर १५ आणि दुसरीकडे जुन्या घरचा नंबर असं नको.

ह्यावरून बाकीच्यांसाठी एक सूचना, सर्च कन्सोलच्या रिपोर्टमध्ये कुठल्या तरी रशियन-चिनी साइटच्या लिंक बघून घाबरून लगेच डिसअव्हाव करायला धावू नका. तो कचरा प्रत्येकाच्या साइटला चिकटतो, गूगल त्याकडे लक्ष देत नाही. कारवाईचा मेसेज आला असेल किंवा तुम्ही स्वतः लिंक विकत घेतल्या असतील तरच त्या टूलला हात लावा.

प्रश्न: सीवूड्स-नेरूळ भागात मी फ्लेमिंगो बघायला लोकांना घेऊन जातो, शनिवार-रविवार. साइट आहे, पण फुकट लिंक कोण देतं हो हल्ली?
— पक्षीप्रेमी, नेरूळ

उत्तर: तुम्हाला देतील. ह्या सगळ्या मेलमध्ये सगळ्यात भारी विषय तुमच्याकडे आहे आणि तुम्हीच रडताय.

बघा, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, दरवर्षी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पेपरात गुलाबी फोटो येतात, आणि तरी सामान्य माणसाला हे कळत नाही की नेमकं किती वाजता गेलं तर पक्षी दिसतील. तुम्हाला माहितीये. खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, खायला मिळत नाही, मग थवे डीपीएस तलाव, टीएस चाणक्यच्या मागची पाणथळ अशा जागी येऊन बसतात. म्हणजे भरतीची वेळ कळली की जायची वेळ कळली. तर दर आठवड्याची भरतीची वेळ आणि त्यावरून कधी, कुठल्या बाजूला उभं राहायचं, असं एक पान मराठीत करा, एकच पत्ता कायम ठेवा आणि त्यावरच दर आठवड्याला माहिती बदलत जा, नवीन नवीन पानं काढू नका, नाहीतर लिंक विखुरतात. त्याच पानावर मोठा रोहित आणि छोटा रोहित कसे ओळखायचे ते तुमच्याच फोटोंनी दाखवा, चोचीचा रंग वगैरे.

मग हे पान पाठवा. शाळांच्या निसर्ग मंडळांना, सोसायट्यांच्या साइट असतात त्यांना, पाणथळींसाठी झटणाऱ्या संस्थांना, आणि जे पत्रकार दरवर्षी ही बातमी करतात त्यांना, मेलमध्ये 'लिंक द्या' असं पहिल्याच वाक्यात नको, माझ्याकडे वेळापत्रक आणि फोटो आहेत, वापरा, स्रोत म्हणून साइटचं नाव द्या, एवढं पुरे. पत्रकाराला उद्याच्या बातमीसाठी आज माहिती हवी असते, तुम्ही फोन उचललात की अर्धं काम झालं. वीस ठिकाणी पाठवाल तेव्हा दोन-तीन ठिकाणी लागेल आणि ह्या दोन-तीन लिंक वरच्या गॅस्केटवाल्या काकांच्या पाचशेपेक्षा जड असतील.

प्रश्न: मी पनवेलला वेबसाइट बनवून देतो. प्रत्येक क्लायंटच्या साइटखाली फुटरमध्ये 'वेबसाइट डिझाइन पनवेल' अशी माझी लिंक टाकतो. चालतं ना? शिवाय आमचा धंदेवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे एकमेकांना लिंक देतात.

उत्तर: फुटरमधल्या अशा लिंक गूगलच्या स्पॅमच्या नियमांमध्ये नाव घेऊन लिहिलेल्या आहेत दादा. ठेवायचीच तर स्वतःचं नाव ठेवा, 'वेबसाइट डिझाइन पनवेल' नको, आणि नोफॉलो करा, क्लायंटला विचारून. त्यातून गिऱ्हाईक येतं ते येईलच. ग्रुपचं म्हणाल तर केटरर आणि हॉलवाला एकमेकांना लिंक देतात त्यात काही गैर नाही, गिऱ्हाईकाला दोन्ही लागतात. पण केटरर, सीए, टायरवाला आणि ब्युटी पार्लर असे चाळीस जण एकमेकांच्या साइटवर, हे कोणालाही कळतं.

प्रश्न: मी सीए आहे, नौपाड्यात ऑफिस. साइटवर जीएसटीवर लेख लिहिते. बाहेरच्या साइटला लिंक दिली की आपली ताकद तिकडे वाहून जाते असं मला सांगितलंय, म्हणून सरकारी पोर्टलची पण लिंक देत नाही. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. बिनधास्त द्या. वाचणाऱ्याला मूळ परिपत्रक बघायचं असतं, तुम्ही दिलं नाहीत तर तो गूगलवर परत जाऊन शोधेल आणि दुसऱ्याच सीएच्या साइटवर पोचेल. फक्त सरकारी पोर्टलचे पत्ते बदलत राहतात, तेव्हा वर्षातून एकदा दोनदा तुटलेल्या लिंक तपासा.

प्रश्न: आमचं डेंटल क्लिनिक आधी राम मारुती रोडला होतं, आता हिरानंदानी इस्टेटला आहे. नवीन नावाने नवीन डोमेनवर साइट केली. जुन्या साइटबद्दल पेपरात वगैरे बरंच आलं होतं, त्या लिंकचं काय होणार? जुनं डोमेन पुढच्या महिन्यात संपतंय, सोडून देऊ?
— डॉक्टर, ठाणे

उत्तर: अजिबात सोडू नका डॉक्टर! ह्या अंकातल्या सगळ्यांमध्ये तुमच्याकडेच आयती पुंजी आहे आणि तीच फेकताय.

जुन्या साइटचं प्रत्येक पान नवीन साइटच्या त्याच विषयाच्या पानाकडे ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेने वळवायला सांगा, रूट कॅनालचं पान रूट कॅनालकडे, सगळी एकदम होमपेजवर टाकायची नाहीत, डेव्हलपर तेच करतो कारण सोपं असतं. मग सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवायचं टूल आहे ते भरा. रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल म्हणतं, मी म्हणेन डोमेनचे वर्षाचे हजार-दीड हजार भरत राहा आणि कायम ठेवा. ज्या पेपरांनी आणि संस्थांनी लिंक दिली त्यांच्यापैकी ओळखीचे असतील त्यांना नवीन पत्ता टाकायला सांगा.

सोडलंत तर काय होतं तेही ऐका, अशी संपलेली डोमेन हेरून घेणारे लोक बसलेलेच असतात, तुमच्या जुन्या नावावर जुगाराचं पान चढवतात आणि पेपरातल्या त्या चांगल्या लिंकवर क्लिक करून तुमचा पेशंट थेट तिथे पोचतो. गूगलने मार्च २०२४ मध्ये ह्याविरुद्ध वेगळा नियम केला, पण नियमाने तुमचं डोमेन परत मिळत नाही. तेव्हा आजच रिन्यू करा, आणि ते तुमच्या नावावर आहे की जुन्या डेव्हलपरच्या ते आधी बघा, त्याच्या नावावर असेल तर महिना संपायच्या आत ट्रान्सफर करून घ्या.